आधी की नंतर?

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव दिलं, ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून आले धर्मप्रसारासाठी, पण त्यांचं निम्मं मन दगडांत होतं. 1845 साली ते नागपुरात आले आणि 1863च्या सप्टेंबरात, टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना, पुराच्या पाण्यात बुडून गेले. मधल्या अठरा वर्षांत त्यांनी विदर्भाची माती, खडक आणि जीवाश्म जेवढे तपासले, तेवढे त्या काळी फार थोड्यांनी तपासले असतील. 1860 साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक लेख छापून आला. विषय होता, लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये दबलेल्या गाळात सापडणारे शंख-शिंपले. त्यात दोन ठिकाणचा माल होता. एक नागपूरचा. दुसरा गोदावरीच्या मुखाजवळच्या राजमहेंद्रीचा, म्हणजे नागपूरपासून शेकडो किलोमीटर दूरचा.

नागपूरचे शंख गोड्या पाण्यातले होते. राजमहेंद्रीचे खाडीतले, समुद्राचं पाणी लागलेले. हिस्लॉपनी दोन्ही गाळ ‘तृतीयक’ काळातले, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचे, ठरवले. वय ठरवण्याच्या दृष्टीने गोडं पाणी आणि खारं पाणी यांत किती मोठा फरक पडतो, हे मात्र कळायला पुढची शंभरावर वर्षं लागली.

अडचण मुळात आपल्या कातळाची आहे. दख्खनचा लाव्हा आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि पश्चिम घाटात त्याच्या थरांची एकूण जाडी तीन किलोमीटरच्या घरात जाते. वितळलेल्या दगडात कोणी जगत नाही, त्यामुळे बेसॉल्टमध्ये जीवाश्म नसतात. असतात ते दोन उद्रेकांच्या मधल्या विश्रांतीत साचलेल्या गाळात. घाटातल्या रस्त्याच्या कापात काळ्या दगडांमध्ये जे तांबडे पट्टे दिसतात, ती अशीच एखादी विश्रांती. काही ठिकाणी त्या काळात तळी साचली, त्यांत गोगलगायी वाढल्या, काठाला झाडं आली. मुंबईत वरळीला अशाच गाळात बेडकांचे सांगाडे मिळाले. 1847 साली रिचर्ड ओवेननी त्यांचं वर्णन केलं. डायनोसॉर हा शब्दही त्यांनीच घडवलेला.

पण तळ्यातला बेडूक किंवा गोगलगाय हा वेळेचा वाईट साक्षीदार आहे. तो एका तळ्यापुरता असतो. दुसऱ्या खंडात त्याच्या जोडीचा कोणी नसतो, त्यामुळे तुलना कशाशी करायची? शिवाय गोड्या पाण्यातले काही शंख लक्षावधी वर्षं जवळपास तसेच राहतात. म्हणून वाद मिटेना. 1934 साली बिरबल साहनींनी ‘करंट सायन्स’मध्ये थेट प्रश्नच विचारला, की दख्खनचे ट्रॅप, म्हणजे हे लाव्ह्याचे थर, क्रेटेशियस (डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातले) की टर्शरी (तृतीयक)? लाव्ह्याच्या मधल्या गाळातल्या वनस्पती पाहून त्यांनी कौल टर्शरीला दिला. समोर दुसरा गट होता, तो क्रेटेशियसवर ठाम. आधी की नंतर, हा प्रश्न अशा रीतीने, अशनी आदळून डायनोसॉर संपले या अल्वारेझ पितापुत्रांच्या सिद्धांताच्या कितीतरी आधीपासून, भारतात रेंगाळत होता.

उत्तर समुद्रात होतं.

फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव. त्यांतले काही समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगतात, अंगाभोवती चुन्याचं कवच बांधतात, वाढत जाताना एकेक कप्पा जोडत जातात. मेले की कवच खाली जातं. समुद्रतळावर ही कवचं अखंड साचत राहतात. त्यांचाच पुढे चुनखडक होतो. कालमापनासाठी जे जे हवं ते या जीवांमध्ये एकत्र आलेलं आहे. प्रवाहांबरोबर ते महासागरभर पसरतात. त्यांच्या प्रजाती पटापट बदलतात. संपलेली प्रजाती पुन्हा येत नाही. आणि संख्या इतकी, की चिमूटभर गाळात शेकडो सापडावेत. पडक्या वाड्याच्या भिंतीच्या पोटात शिवराई सापडली तर ती भिंत शिवकाळाच्या आधीची नाही, एवढं कोणीही सांगेल. फोरॅमचा तर्क तोच, फक्त नाणं केसाच्या जाडीइतकं.

एक गोष्ट मात्र लोक नेहमी विसरतात, आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्या तर हमखास. हे कवच वय सांगत नाही. ‘सहा कोटी साठ लाख वर्षं’ हा आकडा त्याच्यात कुठेही लिहिलेला नसतो. तो आकडा किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासातून येतो, चुंबकीय ध्रुवांच्या उलटापालटीतून येतो, पृथ्वीच्या कक्षेच्या हिशेबातून येतो. कवच सांगतं क्रम. हे आधी, ते नंतर. ऐकायला हे कमी वाटतं. पण डायनोसॉरांच्या अंताशी लाव्ह्याचा संबंध आहे का, हा प्रश्न मुळात क्रमाचाच आहे. आकड्यात पन्नास हजार वर्षांची चूक राहिली तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होऊ शकते. क्रमात ती गुंजाइश नाही.

काम कसं चालतं, ते पाहण्यासारखं आहे. गाळाचा नमुना पाण्यात किंवा सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवायचा. तो फुगून सुटा झाला की बारीक चाळणीवर वाहत्या पाण्याखाली धुवायचा. बोटांनी नाही, पाण्याच्या धारेनंच. बोट लावलं की कवचं फुटतात. नेहमीची चाळणी 63 मायक्रॉनची. खाली मळकट पाणी निघून जातं, वर रेतीसारखं काहीतरी उरतं. ते भट्टीत वाळवून काळ्या ट्रेवर पातळ पसरायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली, तीनच केस उरलेल्या ओल्या ब्रशाच्या टोकानं, एकेक कवच उचलून आखलेल्या स्लाइडवरच्या चौकोनात ठेवायचं. चौकोनांना आधी डिंक लावलेला असतो, त्यामुळे कवच तिथेच चिकटून राहतं. दिवसभर बसलं तर मानेचं काय होतं ते विचारू नका. दगड टणक असेल तर हा उपाय चालत नाही. मग खडकाचा तीस मायक्रॉन जाडीचा काप करून, प्रकाश आरपार सोडून, कवचांचे आडवे-तिरके छेद ओळखायचे. गोल कप्प्यांचा जीव कुठून कापला गेला त्यावर तो कसा दिसेल ते ठरतं, त्यामुळे ही ओळख पटवणं म्हणजे निव्वळ सवयीची विद्या.

63 मायक्रॉनच्या चाळणीनं एके काळी मोठा घोळ घातला होता. क्रेटेशियस संपला त्या वेळी जे जीव वाचले किंवा लगेच नव्यानं आले, ते विलक्षण बारीक होते. नेहमीच्या चाळणीतून त्यांतले बरेचसे पाण्याबरोबर मोरीत जातात. म्हणून आता त्या काळाचा गाळ तपासताना 38 मायक्रॉनची चाळणीही लावतात.

या बारीक जीवांचं गाव इटलीत आहे. गुब्बिओ हे अपेनाइन डोंगरातलं मध्ययुगीन शहर, आणि त्याला लागून बोत्ताचोने नावाची घळ. घळीच्या भिंतीतले पांढरे-गुलाबी चुनखडक हा एके काळचा खोल समुद्रतळ. आफ्रिका आणि युरोप एकमेकांकडे सरकले तेव्हा तो वर उचलला जाऊन डोंगर झाला. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला हान्स लुटरबाखर आणि इसाबेला प्रेमोली सिल्वा यांनी हे थर खालून वर, कापामागून काप, तपासले. खालच्या चुनखडकात ग्लोबोट्रंकाना जातीची अर्ध्या मिलिमीटरची दिमाखदार कवचं, साध्या हातभिंगानेही दिसणारी. मग जेमतेम एक सेंटिमीटर जाडीची माती. आणि मातीच्या वर जवळजवळ काहीच नाही, फक्त अगदी क्षुल्लक दिसणारी इवलीशी कवचं. 1964 साली त्यांनी त्यांतल्या एकाला गुब्बिओच्या जुन्या लॅटिन नावावरून ‘युगुबिना’ असं नाव दिलं. क्रेटेशियस संपल्यावर लवकरच ही प्रजाती जगभरच्या समुद्रांत येते आणि काही लाख वर्षांच्या आत नाहीशी होते. म्हणजे जिथे युगुबिना, तिथे सीमारेषा पायाखाली नुकतीच गेलेली.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. वॉल्टर अल्वारेझ गुब्बिओत आले होते खडकांचं चुंबकत्व मोजायला. त्या एक सेंटिमीटर मातीला साचायला किती काळ लागला असेल, या प्रश्नातून त्यांनी आणि त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ वडील लुइस यांनी, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासह, तिच्यातला इरिडियम मोजला. तो नेहमीच्या सुमारे तीसपट निघाला, म्हणजे बाहेरून, अशनीतून आलेला असावा. 1980च्या त्यांच्या निबंधानं अशनीचं नाव घराघरांत पोचवलं. प्रेमोली सिल्वा हे नाव मात्र या कथेत क्वचितच ऐकू येतं. मोजायचं कुठे, तो सेंटिमीटर दाखवणारी कवचं नसती तर इरिडियम कशात शोधला असता?

या कवचांच्या साक्षीवर जगानं विश्वास ठेवला, त्यामागे आणखी एक मोठी परीक्षा आहे. 1968च्या डिसेंबरात ‘ग्लोमार चॅलेंजर’ हे वेधन जहाज डाकारहून निघालं आणि दक्षिण अटलांटिक ओलांडत रिओ द जानेरोला पोचलं. समुद्रतळ मधल्या डोंगररांगेपासून दोन्हीकडे सरकतो, हा सिद्धांत तोवर चुंबकीय पट्ट्यांवर उभा होता. तपासायचं एवढंच होतं, की रांगेपासून जितकं दूर जावं तितका बेसॉल्टला टेकलेला सर्वांत खालचा गाळ जुना असतो का. जहाजावर त्सुनेमासा साइतो आणि त्यांचे सहकारी प्रत्येक छिद्रातून आलेल्या गाळातल्या कवचांची ओळख पटवत होते. अंतर आणि वय यांचे बिंदू जवळपास एका सरळ रेषेत आले. वेग निघाला वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर, तोही चुंबकीय पट्ट्यांनी आधीच सांगितलेला. जहाजावरचे केनेथ श्यू हे गाळाचे जाणकार सिद्धांताविषयी साशंक होते. परत येताना ते साशंक राहिले नव्हते.

आता राजमहेंद्री.

गोदावरीच्या दोन्ही तीरांवर तिथे लाव्हा उघडा पडलेला आहे. पूर्वेला कातेरू; पश्चिमेला गौरीपट्टणम, दुद्दुकूर ही गावं, जिथे खडीच्या खाणींनी बेसॉल्टच्या उभ्या भिंती कापून ठेवल्या आहेत. खाली लाव्हा, मध्ये काही मीटर जाडीचा फिकट गाळ, वर पुन्हा लाव्हा. दख्खनच्या मुख्य पठाराच्या कडेपासून इथपर्यंत शेकडो किलोमीटर लाव्ह्याचा पत्ता नाही, म्हणून हे ‘ट्रॅप’ वेगळे, इथल्याच एखाद्या उद्रेकाचे, असं मानणारे होते आणि अजूनही आहेत. पण रासायनिक घडण जुळवून पाहिल्यावर चित्र वेगळं दिसलं. स्टीफन सेल्फ आणि सहकाऱ्यांनी 2008 साली मांडलं, की खालचा लाव्हा आंबेनळीच्या लाव्ह्याशी आणि वरचा महाबळेश्वरच्या लाव्ह्याशी जुळतो. त्यांचं म्हणणं खरं असेल तर सह्याद्रीत बाहेर पडलेला लाव्हा जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून सुमारे हजार किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळाला. पृथ्वीवर ज्ञात असलेल्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्यांची गणना होते.

आंबेनळी आणि महाबळेश्वर ही इथे केवळ गावांची किंवा घाटांची नावं नाहीत. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर: खालून वर ही दख्खनच्या लाव्ह्याची शास्त्रीय उतरंड आहे. प्रिन्स्टनपासून लोझानपर्यंतचे भूशास्त्रज्ञ ही नावं रोज, जिभेला जमेल तशी, उच्चारतात.

राजमहेंद्रीच्या गाळातली कवचं पहिल्यांदा नीट बोलकी झाली ती तेलाच्या शोधात. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात ओएनजीसीनं खोल विहिरी घेतल्या, तेव्हा नरसापूरसारख्या ठिकाणी लाव्ह्याच्या खाली आणि मध्ये सागरी गाळ लागला. त्यातल्या फोरॅमवरून ए. गोविंदन यांनी 1981 साली ट्रॅपच्या वयाबद्दल लिहिलं. पुढे पालकोल्लूच्या विहिरींवरही काम झालं. भारतीय तेलशोधकांनी हे शांतपणे करून ठेवलं होतं. जगाचं लक्ष गेलं ते 2008 साली, प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर, लोझानचे थिएरी अडाट, सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी खाणींतला गाळ तपासला तेव्हा. खालच्या लाव्ह्याला लगटून असलेल्या गाळात त्यांना डेनियन काळाच्या, म्हणजे डायनोसॉरोत्तर जगाच्या, अगदी सुरुवातीच्या प्रजाती मिळाल्या. युगुबिना त्यांत होती. इटलीतल्या घळीचं नाव धारण करणारी प्रजाती आंध्रच्या खडीच्या खाणीत.

यातून काय सिद्ध होतं? खालचा लाव्हा त्या गाळाच्या आधीचा, वरचा नंतरचा. म्हणजे आंबेनळी डेनियनच्या सुरुवातीपूर्वी किंवा तेव्हाच, आणि महाबळेश्वर त्यानंतर. चुंबकीय नोंदही जुळते: खालचा लाव्हा ध्रुव उलटे असतानाचा, वरचा ते सुलटे झाल्यावरचा. साहनींच्या प्रश्नाला दोन्ही उत्तरं खरी ठरली. दख्खन क्रेटेशियसही आहे आणि टर्शरीही. सीमारेषा त्याच्या पोटातून जाते.

केलरबाई इथे थांबल्या नाहीत. त्यांनी विहिरींमधल्या गाळावरून असा निष्कर्ष काढला, की खालच्या महाप्रवाहांच्या दरम्यानच समुद्री प्रजाती झपाट्यानं घटत गेल्या आणि त्यामुळे लाव्हा हाच मुख्य गुन्हेगार, अशनी दुय्यम. त्या अशनीसिद्धांताच्या जुन्या आणि कडव्या विरोधक आहेत, हे सर्वश्रुत आहे. मला त्यांच्या निष्कर्षाचा हा दुसरा भाग पुराव्यापेक्षा जास्त ताणलेला वाटतो. लाव्हा येऊन पडलेल्या उथळ किनाऱ्यावर प्रजाती घटल्या, तर ते जगभराच्या विनाशामुळे की तिथल्या पाण्याच्या बिघाडामुळे, हे एकट्या त्या विहिरीतून सांगता येणार नाही. पण त्यांच्या पहिल्या भागाला, खाणीतल्या क्रमाला, अजून कोणी धक्का लावू शकलेलं नाही.

कवचंही फसवतात, हेही इथेच सांगायला हवं. जुन्या थरातलं कवच धुपून वाहत येऊन नव्या गाळात बसू शकतं. याचं मोठं उदाहरण आपल्या अरबी समुद्रात आहे. 2015 साली गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राचे (तेव्हा त्याचं नाव थोडं वेगळं होतं) धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट यांच्या नेतृत्वाखाली ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ जहाजानं मुंबईच्या पश्चिमेला, लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन किलोमीटर पाण्याखाली वेधन केलं. तळाच्या खाली सुमारे 1,100 मीटरवर एका छिद्रात बेसॉल्ट लागला. त्याला टेकलेला गाळ पॅलिओसीनचा, म्हणजे दख्खननंतर लवकरच साचलेला. पण वाटेत शेकडो मीटर जाडीचा गोंधळ होता: सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वी किनाऱ्याकडून कोसळलेला प्रचंड समुद्री दरडीचा ढिगारा, ज्याला ‘नटराज’ असं नाव आहे. त्यात जुन्या काळच्या चुनखडकाचे तुकडे आणि जुनी कवचं सरमिसळ झालेली. अशा ठिकाणी थरातलं सर्वांत जुनं कवच काही कामाचं नाही. सर्वांत तरुण कवच पाहावं लागतं. नवी भिंत बांधताना कोणी जुनी शिवराई आत टाकली असेल, तर भिंत शिवकाळातली होत नाही.

मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीचं कोडं याहून अवघड आहे. 2009 साली केलर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या लाव्ह्याच्या मधल्या गाळात, भारताच्या ऐन मध्यभागी, समुद्री तरंगत्या फोरॅमचा शोध जाहीर केला, तोही डेनियनच्या सुरुवातीच्या प्रजातींचा. मग तेव्हा समुद्राचं पाणी नर्मदा-तापीच्या खोऱ्यांवाटे इतकं आत आलं होतं का? काहींना ते पटतं, काहींना पटत नाही.

आकड्यांची बाजूही दरम्यान धारदार झाली. बेसॉल्टमध्ये पोटॅशियम कमी, म्हणून आर्गॉन पद्धत त्यावर चाचपडते. पण ब्लेअर शोनी यांच्या गटानं लाव्ह्याच्या मधल्या थरांतले झिरकॉनचे कण शोधून युरेनियम-शिसं पद्धतीनं 2015 साली दाखवलं, की दख्खनचा मुख्य भाग जेमतेम साडेसात लाख वर्षांत साचला आणि तो सीमेच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला. 2019 साली ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटानं आर्गॉनवरून सीमा बुशे आणि पोलादपूर यांच्या जोडाजवळ ठेवली, म्हणजे निम्म्याहून बराच जास्त लाव्हा अशनीनंतरचा. शोनी यांच्या गटानं ती त्याहून वर नेली, म्हणजे पोलादपूरचा जोरदार उद्रेक अशनीच्या आधीचा. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरणारी एसटी ही दोन्ही उत्तरं ओलांडते, फक्त ती नेमकी कुठल्या वळणावर ओलांडते, यावर एकमत नाही.

हे एकमत घाटात होण्याची शक्यता कमी आहे, कारण घाटात सीमेची माती नाही आणि युगुबिनाही नाही. म्हणून आता उलट बाजूनं शोध चालला आहे. ज्वालामुखी वातावरणात पारा सोडतो, आणि तो जगभर पसरून समुद्रतळाच्या गाळात उतरतो. ट्युनिशियात, जिथल्या एल केफजवळ क्रेटेशियसच्या अंताची अधिकृत सीमा आखलेली आहे, तिथल्या थरांत, आणि फ्रान्सच्या बिदारसारख्या किनाऱ्यांवर पाऱ्याची वाढ मोजली जाते आहे. प्रत्येक नमुना कुठल्या फोरॅमच्या पट्ट्यातला, सीमेच्या किती सेंटिमीटर वर-खाली, हे आधी ठरवायचं, मग पारा. सह्याद्रीतल्या उद्रेकांचा क्रम लावण्यासाठी ट्युनिशिया आणि फ्रान्समधले नमुने धुतले जात आहेत, आणि मोजणीचा पहिला टप्पा अजूनही तोच आहे: ओला ब्रश, काळा ट्रे, आणि 38 मायक्रॉनची चाळणी.